संगणकाच्या नोटिशीला दिलेला होकार

परतूरच्या तहसील कचेरीसमोर, पत्र्याच्या शेडमध्ये बसून लोकांचे अर्ज लिहून देण्याचे काम मी सव्वीस वर्षे करीत आलो आहे. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. दहावीच्या वर्गात मी बसलो, परीक्षेस मात्र बसलो नाही. तरीसुद्धा या तालुक्यातील कितीतरी फायलींचे पहिले पान माझ्या हातचे आहे, आणि भाषेपायी माझा अर्ज परत आल्याचे मला स्मरत नाही. हे मी बढाईखातर सांगत नाही. पुढे जे घडले ते कोणत्या माणसाच्या हातून घडले, हे वाचणाऱ्यास आधीच ठाऊक असलेले बरे.

या व्यवसायात मी स्वतःस एक नियम घालून घेतला होता. नोटीस हाती आली की त्याच दिवशी तिला उत्तर द्यायचे. नोटीस उशीखाली ठेवून स्वस्थ बसलेली आणि त्यापायी नोकरी किंवा दुकानाचा गाळा गमावलेली माणसे माझ्या बाकावर बसून गेली आहेत. त्यामुळे उत्तर आधी, विचार नंतर, अशी माझ्या हाताला सवयच लागली. ही सवय मी गुण म्हणून मिरवीत असे, हेही मान्य करतो.

माझ्याकडे जो संगणक आहे तो जुना. दोन वर्षांपूर्वी तो इतका मंद झाला, की एक शपथपत्र उघडेपर्यंत पक्षकार चहा पिऊन येई. तेव्हा मुलींच्या शाळेत संगणक शिकवणाऱ्या एका बाईंनी त्यात लिनक्स नावाची प्रणाली बसवून दिली. त्यांच्या बदलीचा अर्ज मी लिहिला होता आणि बदली झाली होती, हा आमचा परिचय. त्यांनी मला समजावून सांगितले की ही प्रणाली जगभरच्या लोकांनी मिळून लिहिली आहे, ती कोणासही विनामूल्य मिळते आणि तिचा आतला सगळा मजकूर कोणासही वाचता येतो. हे मला मनापासून पटले. ज्या कागदाची नक्कल मागितल्यावर मिळते, त्याच कागदावर माझा विश्वास बसतो.

शेजारच्या शेडमधील मुद्रांक विक्रेत्याला मात्र ते पटले नाही. त्याचे पूर्वज राजस्थानातून आले. चार पिढ्या परतुरात गेल्या, तरी फुकट मिळालेल्या वस्तूवर त्या घराण्याचा भरवसा बसत नाही. आम्ही त्याला शेठ म्हणतो. तो स्वतः संगणक ठेवीत नाही, मोठ्या वहीत शाईने नोंदी करतो. प्रणाली बसली त्या दिवशी माझ्या पडद्याकडे पाहून तो म्हणाला होता, "रायटरसाहेब, फुकटात आलंय, एक दिवस फुकटावानी वागंल बघा."

गेल्या पावसाळ्यात वीज कडाडली आणि संगणकाचा इंटरनेटची वायर जोडण्याचा मूळ पोर्ट जळाला. म्हणून जालन्याहून एक बिनतारी नेटवर्क कार्ड आणून आत बसवले. लिनक्सला ते कार्ड ओळखता येईना. शाळेच्या बाईंनी त्याचा ड्रायव्हर कुठूनसा मिळवून, स्वतः जुळवून बसवला. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि प्रणाली यांच्यामधला दुभाषा, एवढे मी त्यांच्याकडून समजून घेतले. पुढे काही महिने त्या दुभाष्याने तक्रारीस जागा ठेवली नाही.

आता मूळ प्रकरण. तीर्थपुरीची एक बाई माझ्याकडे आली होती. वय पस्तिशीच्या आत-बाहेर. नवरा एका सरकारी कार्यालयात शिपाई होता, तो नोकरीत असतानाच वारला. त्याच्या जागी हिला अनुकंपा तत्त्वावर घेण्यासाठी यादीत नाव लागले होते, परंतु कागदांत एक त्रुटी निघाली. सासूचे ना-हरकत शपथपत्र जोडलेले नव्हते. ते गुरुवारी सायंकाळी पाचपर्यंत संकेतस्थळावर चढवायचे, न चढवल्यास नाव यादीतून कमी होणार, असे तिला कळवलेले होते. दोन मुली, थकलेली सासू आणि दुसऱ्याच्या घरी शिवणकाम, असा तिचा संसार होता. यादीतले ते नाव सोडले तर तिच्याजवळ धरून बसण्यासारखे काही नव्हते.

शपथपत्र मंगळवारीच तयार झाले होते. त्याच दिवशी ते चढवता आले असते. परंतु नुसते शपथपत्र पाठवणे मला अपुरे वाटले. सोबत एक विनंतीपत्र असावे, तिच्या परिस्थितीचे सविस्तर निवेदन व्हावे, असे मनात आले, आणि त्या पत्राची भाषा घडवण्यात माझे दोन दिवस गेले. पत्र तीन पानांचे झाले. ते चांगले उतरले होते, असे मी आजही म्हणेन. गुरुवारी ये, असे मी तिला सांगितले आणि गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास एसटीने येऊन ती माझ्या बाकावर बसली.

मी संगणक सुरू केला. कागद स्कॅन करून ठेवले. इतक्यात पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उघडली. नवी अद्यतने आली आहेत, ती बसवायची का, असा तिचा आशय होता.

"हे काय विचारून राह्यलंय, दादा?" बाईने विचारले.

"नोटीस आहे," मी म्हणालो. "नोटिशीला लगेच उत्तर द्यावं लागतं. आपली बाजू स्वच्छ राहते."

आणि मी होकार दिला. पासवर्ड मागितला, तोही दिला. पट्टी सरकत राहिली. शेवटी यंत्राने बंद होऊन पुन्हा सुरू होण्याची परवानगी मागितली. तीही मी दिली. एका बैठकीत तीन उत्तरे, एकही प्रलंबित नाही.

यंत्र पुन्हा सुरू झाले तेव्हा वरच्या पट्टीतले नेटवर्कचे चिन्ह नाहीसे झाले होते.

प्रथम मी राउटरकडे पाहिले. सर्व दिवे लागलेले होते. शेठचा मोबाइल त्याच राउटरवर चालतो. त्यात त्याच्या साडूने पाठवलेले व्हिडिओ बिनबोभाट येत होते. तरीही दोष बाहेरचाच असणार, याविषयी मला शंका नव्हती, कारण माझ्या बाजूने काहीही प्रलंबित नव्हते. मी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीस उद्देशून तक्रारअर्ज लिहावयास घेतला. विषय लिहिला, संदर्भ लिहिला, मुद्दा क्रमांक एक लिहिला.

बाई बराच वेळ पाहत होती. मग हळूच म्हणाली, "दादा, ह्यो अर्ज कोन घेऊन जानार?"

त्यावर मी पेनला टोपण लावले. कागद बाजूला सारला. संगणकाच्या बाजूचे झाकण उघडून कार्ड बाहेर काढले, जुन्या धोतराच्या फडक्याने पुसले आणि परत बसवले. कापसाच्या टेम्पोंची वर्दळ असली की या रस्त्यावर बारीक तंतू उडतात, ते कार्डावर बसले असावेत, हा माझा तर्क. तर्क चुकला. चिन्ह आले नाही.

मग मी बाईला बाजारपेठेतल्या सुविधा केंद्रावर पाठवले. पाऊण तासाने ती तशीच परत आली.

"टोकन संपलं म्हने. आज नवीन कुनाचंच घेत न्हाईत. मागचे लोकच दारापाहोतर हायेत."

शाळेच्या बाईंना मी एकामागून एक फोन लावले, एकही उचलला गेला नाही. शाळेत विचारले तेव्हा समजले की त्या परीक्षेच्या पर्यवेक्षणावर आहेत, साडेतीनच्या आधी बाहेर येणार नाहीत. दुपारचा दीड वाजला होता. बाईने पिशवीतून भाकरी काढली, थोडी मोडली आणि पुन्हा गुंडाळून ठेवली. मी तिला चहा मागवला. तिने तो घेतला, पण कप हातात धरून बसली.

शेठ आपल्या गादीवरून बोलला, "काय रायटरसाहेब, फुकटाचं घोडं बसलं का खाली?"

एरवी मी त्याला चार वाक्यांत गप्प केले असते. त्या दिवशी एकही सुचले नाही. त्याच्याही ते ध्यानात आले असावे, कारण थोड्या वेळाने तो स्वतः उठून आला आणि आपला मोबाइल पुढे करून म्हणाला, "ह्याच्यातून काही जमतंय का बघा." स्कॅन केलेलाच कागद चालणार होता आणि तो संगणकात होता, म्हणून मोबाइल वायरीने संगणकाला जोडून पाहिला. वायर केवळ चार्जिंगपुरती निघाली. तिच्यातून दुसरे काही जात नव्हते. शेठला मनापासून वाईट वाटले. "वायर बी फुकटच आल्ती," तो म्हणाला.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी शाळेच्या बाईंचा फोन आला. मी तो स्पीकरवर ठेवला.

"काका, नऊ मिस्ड कॉल? घरचं सगळं बरं हाये ना?"

मी प्रकरणाची पार्श्वभूमी सांगू लागलो. त्यांनी मध्येच तोडले.

"पार्श्वभूमी ऱ्हाऊ द्या. मला पुढच्या पेपरला जायचंय, वीस मिनिटं हायेत. काळी खिडकी उघडा. मी सांगते तशी अक्षरं मारा. एल, एस, पी, सी, आय. मधी जागा सोडू नका."

मी पाचही अक्षरे उमटवली. पडद्यावर इंग्रजी ओळींची यादी आली. शेवटून दुसऱ्या ओळीत माझ्या कार्डाचे नाव होते. कार्डाच्या खोक्यावर वाचलेले असल्याने मी ते ओळखले.

"कार्ड दिसते आहे," मी कळवले.

"मंग कार्ड जिवंत हाये. त्याला काही झालेलं न्हाई. ड्रायव्हर बसंना झालाय. आता दुसरी आज्ञा सांगते, त्याला नावानं हाक मारू."

दुसरी आज्ञा दिली. एका ओळीत उत्तर आले. असा ड्रायव्हर अमुक ठिकाणी सापडला नाही, असा त्याचा अर्थ असल्याचे बाईंनी सांगितले आणि ती ओळ पूर्ण वाचायला लावली. मी ती आडव्या रेघा, टिंबे आणि आकड्यांसह, सातबारा वाचावा तशी वाचली.

"थांबा," त्या म्हणाल्या. "आकडा परत सांगा."

मी परत सांगितला.

"हा मी बसवला तवाचा आकडा न्हाई. काका, सकाळपासून काही बदललं का?"

"काहीही बदललेले नाही."

"अपडेट-बिपडेट?"

"तुमच्या सल्ल्याशिवाय मी यंत्रात ढवळाढवळ करीत नाही," मी ठामपणे सांगितले. आणि मी खोटे बोलत नव्हतो. सकाळी जे केले ते माझ्या हिशेबी ढवळाढवळ नव्हतीच. ते उत्तर होते. आलेल्या नोटिशीस वेळेत दिलेले उत्तर. त्यातून नुकसान होऊ शकते, ही गोष्ट सव्वीस वर्षांत माझ्या मनास कधी शिवली नव्हती.

तेव्हा बाकावरून तीर्थपुरीची बाई बोलली.

"दादा, सकाळी त्यानं काहीतरी विचारलं, अन् तुम्ही हो म्हनलं की."

फोनमधून आवाज आला, "कोन बोलून राह्यलं?"

"ज्यांचं काम आहे त्या ताई," मी म्हणालो.

"ताई, हो म्हनल्यावर काय झालं?"

"निळी पट्टी लई वेळ सरकत व्हती. मंग समदं काळं झालं, अन् परत चालू झालं. तवापासून ते वरचं पंख्यावानी चिन्ह न्हाई."

फोनवर शाळेच्या बाई हसल्या. त्या हसण्यात टोमणा नव्हता, सुटका होती, हे मला नंतर कळले. त्या क्षणी मात्र माझे कान तापले.

"सापडलं! काका, या खेपेच्या अपडेटमधी कर्नल बदललाय. कर्नल म्हंजे प्रणालीचा गाभा. तुमचा ड्रायव्हर मी जुन्या गाभ्यासाठी बनवला होता. नवीन गाभा त्याला वळखतच न्हाई."

मी क्षणभर विचार केला. "म्हणजे प्रकरण दुसऱ्या कोर्टात वर्ग झाले, आणि वकीलपत्र पहिल्या कोर्टातच राहिले."

"बराबर! बिलकुल तसंच."

"मग पहिले कोर्ट मोडीत काढले का?"

"न्हाई ना, काका, तेच तर. जुना कर्नल तसाच ठेवलेला असतो. आज जुन्यातच जायचं."

त्या वाक्याने मला जो धीर आला, तो शब्दांत मांडणे कठीण आहे. मी स्वतः आजवर एकाही अर्जाची जुनी प्रत फाडलेली नाही. माझ्या मागच्या पेटाऱ्यात, लाल कापडात बांधून, सगळ्या जपलेल्या आहेत, आणि त्यावरून घरात बोलणीही खाल्ली आहेत. ही प्रणाली लिहिणारी परदेशी माणसेही जुनी प्रत जपून ठेवतात, हे ऐकून मला ती जवळची वाटली.

यंत्र बंद करून सुरू करायचे, आणि सुरू होताना एक कळ दाबून धरायची, म्हणजे निवडीची यादी येईल, असे बाईंनी सांगितले. पहिल्या खेपेस मी कळ उशिरा दाबली. यंत्र सरळ नव्या गाभ्यात गेले.

"गेलं?" फोनमधून विचारणा झाली.

"गेलं," मी म्हणालो. माझी शुद्ध भाषा तोवर बरीच पातळ झाली होती.

"जाऊ द्या. परत बंद करा. अन् पहिल्यापासूनच दाबून धरा, सोडू नका. माझी घंटा व्हायलीय, काका, जल्दी."

दुसऱ्या खेपेस मी कळ इतकी घट्ट धरली की बोटाचे नख पांढरे पडले. बाकावरची बाई उठून माझ्या पाठीशी उभी राहिली. शेठही येऊन टेकला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळींची यादी उमटली.

"दुसरी ओळ. ॲडव्हान्स्ड असं लिहिलेली. तिच्यात जा. आता चार ओळी दिसत्याल. तिसरी घ्या, लहान आकड्याची. रिकव्हरी लिहिलेली घेऊ नका. घेतली? मी चालले वर्गात, काका. झालं तर एक मेसेज टाका."

फोन बंद झाला. बोटाने ओळी मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"रायटरसाहेब, तिसरी म्हनल्या त्या," शेठ म्हणाला. "देवाचं नाव घ्या अन् दाबा."

"शेठ, तुम्ही तुमचे मुद्रांक विका," मी म्हणालो, आणि दाबली.

पडदा काळा राहिला, मग करडा झाला, मग माझी नेहमीची पार्श्वभूमी आली. आणखी थोडा वेळ काहीच घडले नाही. मग वरच्या पट्टीत ते चिन्ह, एकेक रेघ भरत, लागले.

"आलं!" बाई म्हणाली. "आलं ना, दादा?"

"आलं, ताई."

शेठने टाळी वाजवली. वाजवल्यावर त्याला संकोच वाटला असावा, कारण तो लगेच खोकला.

चार वाजून पाच मिनिटे झाली होती. संकेतस्थळ उघडले. तिच्या मोबाइलवर आलेला सांकेतिक क्रमांक तिने एकेक आकडा बोट ठेवून वाचला. शपथपत्र जोडले. त्यानंतर मी माझे तीन पानी विनंतीपत्र जोडण्यासाठी जागा शोधू लागलो. जागा नव्हती. एकच कागद घेतला जाईल, तोही अमुक आकाराच्या आत, असे तेथे स्पष्ट लिहिलेले होते. ही सूचना मंगळवारपासून तेथे असणार. मी ती वाचली नव्हती. मी पत्र घडवीत होतो.

पत्र सोडून दिले. शपथपत्र चढवले. पोचपावती उमटली. चार वाजून एकवीस मिनिटे, अशी तिच्यावर वेळ होती. छपाईयंत्रातून ती गरम बाहेर आली, तेव्हा बाईने दोन्ही हात पुढे करून घेतली, एकदा वाचली आणि पदराच्या टोकाने डोळे पुसले. मग तिने सकाळची भाकरी पुन्हा काढली आणि या खेपेस पूर्ण खाल्ली. शेठने आपल्या डब्यातले लोणचे तिला दिले.

मला गप्प बसता आले असते. काम झाले होते. परंतु एक गोष्ट सांगायची राहिली होती, आणि ती अर्जात लिहून मोकळे होण्यासारखी नव्हती.

"ताई," मी म्हणालो, "आज जो त्रास झाला तो यंत्राचा नव्हता. चूक माझी होती. हो मी म्हटलं. आणि कागद दोन दिवस मीच अडवून ठेवला."

"म्हाईत हाये की, दादा. मी इथंच बसले व्हते."

"मग दुपारपर्यंत बोलला का न्हाईत?"

ती घास गिळून म्हणाली, "मला वाटलं, नोटिशीतलं तुम्हाला जास्ती कळतं."

ते तिने सरळ मनाने म्हटले. त्यामुळेच ते मला अधिक लागले. साडेपाचच्या एसटीने ती गेली. शाळेच्या बाईंना मी "काम फत्ते" एवढाच निरोप पाठवला. माझ्या आयुष्यातील ते सर्वांत आखूड निवेदन असावे. त्या रात्री मी शांत झोपलो.

पुढच्या रविवारी शाळेच्या बाई येऊन गेल्या. आता त्यांनी अशी व्यवस्था लावली आहे, की कर्नल बदलला तरी ड्रायव्हर त्याच्यासाठी आपोआप नव्याने तयार होतो. वकीलपत्र प्रत्येक नव्या कोर्टात आपसूक दाखल होते, म्हणा ना. जाताना त्यांनी बजावले, "अन् काका, कुनाची शेवटची तारीख असंल त्या दिवशी त्याला 'नंतर' म्हनायचं. नंतर म्हनायची बी सोय दिलेली असते." मी पाहिले, तर खरोखरच होती. होकाराच्या शेजारीच, तितक्याच आकाराची. इतकी वर्षे नोटिशींना उत्तरे देणाऱ्या माझ्या डोळ्यांना ती कधी दिसली नव्हती.

उन्हाळा लागता लागता तीर्थपुरीची बाई पुन्हा आली. हातात नियुक्तीचा आदेश होता. तिला समोरच्या तहसील कचेरीतच जागा मिळाली होती आणि रुजू होत असल्याचा अहवाल लिहून हवा होता. मी तो लिहिला. पाच ओळींत बसवला. एकही विशेषण घातले नाही. तिने वाचून सही केली आणि कागद पिशवीत ठेवला.

तेवढ्यात कोपऱ्यात ती चौकट उघडली. नवी अद्यतने आली आहेत, बसवायची का?

माझा हात 'नंतर'कडे गेला. बाई पडद्याकडे पाहत होती.

"आज हो म्हना, दादा," ती म्हणाली. "आज माझं काही अडकलेलं न्हाई."

मी हो म्हटले. निळी पट्टी सरकू लागली. कार्यालय उघडायला अजून अर्धा तास होता, म्हणून तीही बाकावर बसून राहिली. यंत्र बंद झाले, सुरू झाले, आणि वरच्या पट्टीत चिन्ह लागल्याचे माझ्याआधी तिने पाहिले.

"लागलं," ती म्हणाली, आणि पिशवी खांद्याला अडकवून समोरच्या फाटकातून नोकरीवर गेली.